३० फेब्रुवारीचं पोस्टकार्ड : इतिहासाचे प्रश्न विचारून एकमेकांना छळल्याचे अनुभव

सांजवेळ
परवा इस्त्री करत होते. लेक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "आई, ३० फेब्रुवारी खरंच होती एकदा. स्वीडनमध्ये, १७१२ साली." इस्त्री तशीच धरून उभी राहिले मी. कुर्त्याला भोक पडलं, ते वेगळं.

तेवीस वर्षांपूर्वी आत्याने मला हाच प्रश्न विचारला होता, आणि मी उत्तर दिलं नव्हतं.

आत्या काही इतिहासाची प्राध्यापक नव्हे. नुसती नादिष्ट. मी हॉस्टेलला गेले आणि तिची पोस्टकार्डं सुरू झाली. वर मागच्या प्रश्नाचं उत्तर, खाली नवा प्रश्न, मध्ये जागा उरली तर ख्यालीखुशाली. जागा उरायची नाहीच. पहिला प्रश्न होता, शंभर वर्षांचं युद्ध किती वर्षं चाललं? मी ठसक्यात "शंभर" लिहून पाठवलं. उलट टपाली आलं : "१३३७ ते १४५३. वजाबाकी कर. मग मला तोंड दाखव." सूड म्हणून मी विचारलं, रशियातली ऑक्टोबर क्रांती कुठल्या महिन्यात झाली? तर म्हणे, "आपल्या हिशेबाने नोव्हेंबर. सोपं विचारू नकोस, कार्ड फुकट जातं."

शेवटच्या कार्डावर होतं, "३० फेब्रुवारी कुठल्या देशात उजाडली होती?" तेव्हा मी "येते, येते" म्हणत सहा महिने तिच्याकडे गेले नव्हते. आमच्याकडे ३० फेब्रुवारीला येते म्हणजे कधीच नाही येत. मला वाटलं, टोमणा मारलाय. फुगून बसले. मग परीक्षा, नोकरी, लग्न. कार्डं थांबली ती थांबलीच. आता फोनवर बोलतो, पण गुडघ्यांवर.

तुमच्याकडे होते का असे खेळ? लिहा. इस्त्री बंद केली आहे.

रिकामटेकडा
रुमाल टाकून ठेवतो. ऑफिसात आहे, रात्री लिहितो.

खडूस_मास्तर
लेकीला शंभरपैकी साठ. कारण कुठे सांगितलं? स्वीडनने १७०० मध्ये ठरवलं की जुन्या ज्युलियन कॅलेंडरवरून नव्या ग्रेगोरियनवर सावकाश सरकायचं. म्हणजे चाळीस वर्षं लीप दिवस घ्यायचेच नाहीत. १७०० चा गाळला. तेवढ्यात मोठं युद्ध लागलं, त्या धामधुमीत १७०४ आणि १७०८ चे गाळायचे राहिले. आता ह्यांची तारीख ना जुन्याशी जुळे ना नव्याशी. अख्ख्या युरोपात एकटे. शेवटी राजा बाराव्या चार्ल्सने जुन्यावरच परत जायचं ठरवलं. १७१२ मुळातच लीप वर्ष, त्यात गाळलेला दिवस परत घातला, म्हणून २९ नंतर ३०. नव्यावर गेले ते १७५३ मध्ये, एका फटक्यात : १७ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च.

मनीमाऊ
आमच्याकडे अबोल्यातसुद्धा प्रश्न चालू असतात. फ्रिजवर चिठ्ठी. "वीजबिल भर" एका बाजूला, "क्लिओपात्रा पिरॅमिडच्या जास्त जवळची की चांद्रमोहिमेच्या?" दुसऱ्या बाजूला. नवरा म्हणे पिरॅमिडच्या, ती इजिप्तची राणी ना! मी हिशेब लिहून चिकटवला. मोठा पिरॅमिड इ.स.पू. २५६० च्या आसपास. ही गेली इ.स.पू. ३० मध्ये. माणूस चंद्रावर १९६९ ला. म्हणजे तिकडे अडीच हजार वर्षं, इकडे १९९९.

खाली त्याची लाल पेनाने टीप : "१९९८. शून्य वर्ष नसतं." एका वर्षावरून अबोला दोन दिवसांनी वाढला.

बाकी नंतर, मशीन वाजलं, कपडे वाळत घालायचेत.

टिंबटिंब
शून्य वर्ष नसतं म्हणजे?

खडूस_मास्तर
इ.स.पू. १ च्या पाठोपाठ इ.स. १. मध्ये काही नाही. म्हणून एकविसावं शतक १ जानेवारी २००१ ला सुरू झालं.

टिंबटिंब
म्हणजे २००० च्या आदल्या रात्री गच्चीवर आम्ही नाचलो ते वर्षभर आधीच?

खडूस_मास्तर
सगळं जग नाचलं. वाईट वाटून घेऊ नका.

चष्मेवाली
मी नर्स. रात्रपाळीला तीन ते चार हा तास वैऱ्यावरही येऊ नये. डोळे मिटू नयेत म्हणून मी आणि माझी जोडीदारीण टेबलाशी बसून कुजबुजत एकमेकींना प्रश्न विचारायचो. एकदा तिने विचारलं, जगातलं सगळ्यात छोटं युद्ध कुठलं? मला येईना. वॉर्डच्या टोकाच्या खाटेवरून दणदणीत आवाज आला : "झांझिबार! १८९६! चाळीस मिनिटंसुद्धा नाही!" पाय टांगलेले आजोबा. अर्धा वॉर्ड जागा.

(काही ठिकाणी ३८ मिनिटं देतात, काही ठिकाणी ४५. इंग्रजांच्या जहाजांनी सुलतानाच्या वाड्यावर तोफा डागल्या, संपलं. पण रात्री तीनला त्यांच्याशी वाद कोण घालणार?)

पुढचे दहा दिवस ते झोपायचेच नाहीत. त्यांचा प्रश्न : ऑलिंपिक, टायटॅनिक, ब्रिटानिक ही तिन्ही भावंडं-जहाजं. पहिल्याची १९११ मध्ये टक्कर झाली, दुसरं १९१२ ला बुडालं, तिसरं १९१६ ला. तिन्ही वेळा जहाजावर असलेली आणि तिन्ही वेळा वाचलेली बाई कोण? वर मला म्हणतात, "तुला यायलाच हवं, शेवटच्या जहाजावर ती तुझ्याच कामावर होती." व्हायोलेट जेसप. ब्रिटानिक तेव्हा इस्पितळाचं जहाज होतं.

घरी जाताना माझ्या हातात कागद ठेवला. बारा प्रश्न. उत्तरं लिहिलेली नाहीत. नऊ झालेत.

मनीमाऊ
अगं मग उरलेले तीन इथे टाक ना!

चष्मेवाली
नाही हं. ते माझे आहेत.

भटकंती
आमच्या ग्रुपमध्ये नियम करावा लागला की विचारणाऱ्याला उत्तर माहीत हवं. एक जण स्वतःला न येणारे प्रश्न विचारायचा, आम्ही तासभर भांडायचो, हा गुपचूप लिहून घ्यायचा. पोरीचा प्रकल्प होता हो शाळेचा! तीन रविवार आम्ही सहा इंजिनिअर सातवीचा अभ्यास करत होतो.

आमचा हुकमी एक्का : पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा कोणी पूर्ण केली? नवा माणूस मॅगेलन म्हणतोच. मॅगेलन १५२१ मध्येच फिलिपिन्समध्ये मारला गेला. एल्कानोने उरलेलं एक जहाज १५२२ ला परत आणलं, त्यावर अठरा माणसं. निघाली होती पाच जहाजं. आणि गंमत म्हणजे रोज न चुकता तारखा लिहूनही ह्यांचा एक दिवस कमी भरला. ह्यांच्या वहीत बुधवार, बंदरावर गुरुवार. पश्चिमेकडे जात राहिलं की सूर्य एक फेरी कमी मारतो, हे तोवर कोणाला अंगावर आलं नव्हतं.

टिंबटिंब
आमच्या ऑफिसात सोमवार गेला की थेट शुक्रवार आला तर चालेल.

अर्धवटराव
मी जरा वेगळा सूर लावतो. ज्याला त्याला सनावळ्या विचारणारी माणसं मला नको होतात. आमचा एक भाऊबंद भेटला की "सांग, अमुक तह कधी झाला?" अरे कॅलेंडर आहेस का तू? प्रश्न असा हवा की येत नसला तरी डोकं चालवून जवळपास पोचता आलं पाहिजे. आणि चुकलो तरी चुकायला मजा आली पाहिजे.

हे मी शिकलो ते फार महागात. नवीन लग्न, सासुरवाडीला सगळे जमलेले. मी भाव खायला प्रश्न टाकला, "इतिहासातला सगळ्यात प्रसिद्ध बुटका माणूस कोण?" आणि स्वतःच उत्तर दिलं, नेपोलियन. खोलीत एकदम शांतता. सासरेबुवा पाच फूट एक इंच. बायकोने डोळे वटारले.

सासरे अजिबात चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "जावईबापू, त्याची उंची पाच फूट दोन इंच नोंदवली ती फ्रेंच मापात. फ्रेंच इंच मोठा. आजच्या मापात तो १६८-१७० सेंटिमीटर भरतो, म्हणजे त्या काळच्या चारचौघांसारखा. इंग्रज व्यंगचित्रकारांनी त्याला बुटका केला." मग थोडं थांबून, "मला मात्र देवानेच केलंय."

त्या दिवसापासून आम्ही दोस्त.

मनीमाऊ
हहपुवा!! सासऱ्यांना नमस्कार सांगा.

भटकंती
सासरेबुवांना आमच्या ग्रुपमध्ये घ्यायचंय. विचारून बघा.

चांदणचुरा
थोडं अवांतर. आम्ही पोरांना म्हणी-वाक्प्रचारांतला इतिहास विचारतो. "अटकेपार झेंडे लावणे" म्हणजे काय? मला सिंधूकाठचा अटकचा किल्ला आणि १७५८ हवं होतं. भाच्याचं उत्तर : "अटकपूर्व जामीन मिळणे." वकीलच होणार तो.

टिंबटिंब
काहीही चूक नाही त्यात. जामीन मिळाल्यावर झेंडे लावतातच की.

चांदणचुरा
हाहाहा. "ध चा मा" ला तर म्हणे ऑटोकरेक्ट झालं असेल! काय बोलणार. नारायणराव पेशव्याच्या खुनाची गोष्ट सांगायला बसले होते, १७७३ वगैरे, ती कहाणी किती खरी हेही सांगणार होते. हसण्यात राहूनच गेलं.

गवाक्ष
मास्तर, जुन्या-नव्या कॅलेंडरचं निघालंय म्हणून विचारते. मग राज्याभिषेकाची ६ जून कुठली?

खडूस_मास्तर
इंग्रजांच्या नोंदीतली, म्हणजे जुन्या कॅलेंडरची. ६ जून १६७४ हे नव्या हिशेबाने १६ जून. शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी मात्र जागची हलत नाही. तारीख-तिथीचा वाद इथे नको, हात जोडतो.

गवाक्ष
नाही हो, वाद नाही. दोन्ही दिवशी स्टेटस ठेवते मी.

रिकामटेकडा
लिहितो म्हटलं होतं. मोबाइलवरून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मोठ्या भावाशी बोलणं नाही. घराच्या वाटणीवरून झालं, सात वर्षं झाली. पण लहानपणी आम्ही एका पलंगावर झोपायचो तेव्हापासूनचा प्रश्नांचा खेळ बंद पडला नाही, कसा कोण जाणे. रविवारी सकाळी त्याचा मेसेज येतो. फक्त प्रश्न. मी उत्तर आणि माझा प्रश्न पाठवतो. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. गेल्या वर्षी माझं ऑपरेशन झालं, घरच्यांनी त्याला कळवलं असावं. त्या दिवशी तीन आले. तिन्ही सोप्पे. त्यातला एक, १९३२ साली ऑस्ट्रेलियाच्या सैन्याला मशीनगन घेऊनही कोणापुढे माघार घ्यावी लागली? एमू पक्ष्यांपुढे. टाके दुखत होते, तरी हसलो.

ह्या रविवारचा : १९४५ ला संपलेलं युद्ध १९७४ पर्यंत कोण लढत होतं?

जपानचा ओनोदा. फिलिपिन्सच्या जंगलात, युद्ध संपल्यावर विश्वासच बसत नव्हता म्हणून. त्याचा जुना वरिष्ठ अधिकारी प्रत्यक्ष हुकूम घेऊन गेला तेव्हा खाली उतरला. उत्तर मला लगेच आलं. पाठवलेलं नाही अजून. चार दिवस झाले.

चष्मेवाली
दादा, आज पाठवा.

अर्धवटराव
मी मघाशी सनावळ्यांना नावं ठेवली, ती मागे घेतो. ह्या प्रश्नातल्या दोन्ही सनांशिवाय त्याला काही अर्थच नव्हता.

मनीमाऊ
रिकामटेकडा, उत्तराखाली तुमचा प्रश्न काय विचारणार?

रिकामटेकडा
तेच सुचत नाहीये.

सांजवेळ
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! रिकामटेकडा, तुमचं वाचून मी सरळ फोनच उचलला. आत्याला ऐकू कमी येतं. म्हटलं, "आत्या, स्वीडन!" ती म्हणे, "सुदान? चूक." तीनदा ओरडले तेव्हा शेजारची बाई बाहेर आली. मग आत्या म्हणाली, "स्वीडन. तेवीस वर्षं लावलीस. अर्धे गुण, कारण कुठाय?" म्हणजे तिच्या लक्षात होतं! मी मास्तरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि, "हे तुझ्या डोक्यातलं नाही. कोणाचं चोरलंस?"

धीर करून विचारलं, "तेव्हा टोमणा मारला होतास का गं?" म्हणाली, "प्रश्नही होता आणि टोमणाही. एका कार्डात दोन्ही बसवलं."

मग नवा प्रश्न घातला, फोनवर नाही, लिहून घे म्हणाली : १७५२ साली ५ सप्टेंबरला लंडनमध्ये काय झालं? उत्तर कार्डावरच हवंय. दुपारपासून शोधतेय, सापडत नाहीये. कोणी सांगू नका हं.

टिंबटिंब
काहीच नाही.

सांजवेळ
अहो, येत नसेल तर राहू द्या ना, मी शोधतेय.

टिंबटिंब
बरं.

खडूस_मास्तर
टिंबटिंब, शंभरपैकी शंभर.