उधारी कोर्टात बुडते की भिडेपोटी?

दिवाणी वकील, सांगली :
पैशाच्या दाव्यांना कोर्टात वेळ लागतो ही तक्रार खोटी नाही. तरीही माझे मत असे आहे की आपल्या जिल्ह्यातील बरीचशी उधारी कोर्टात नव्हे, तर त्याआधीच भिडेपोटी बुडते. उधारीवर विकलेल्या मालाच्या रकमेसाठी १९६३ च्या मुदत कायद्यानुसार दावा लावायला ३ वर्षे मिळतात. उधारीची मुदत ठरलेली असेल तर ती संपल्यापासून आणि ठरलेली नसेल तर माल पोहोचल्यापासून ती मोजली जातात. "पुढच्या हंगामात बघू" असे देणेकरी फोनवर कितीही वेळा म्हणाला तरी हा काळ वाढत नाही. मात्र या ३ वर्षांच्या आत त्याने बाकी मान्य असल्याचे लिहून सही केली, तर त्या तारखेपासून नवी ३ वर्षे सुरू होतात. म्हणून दर मार्चअखेर खातेउताऱ्यावर समोरच्याची सही घ्यावी आणि सहीला टाळाटाळ झाली की नोटीस पाठवावी, असा माझा आग्रह आहे.

बेदाणा अडत व्यापारी, तासगाव :
वकीलसाहेब, आपले म्हणणे कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेल, पण बाजार त्याने चालत नाही. दिवाळीच्या सुमारास सौदे बंद ठेवून एकमेकांची देणीघेणी मिटवण्याची जी 'झिरो पेमेंट'ची रीत आमच्याकडे आहे, तिचा धाक समन्सपेक्षा मोठा आहे, कारण बाकी थकवणाऱ्याला पुढे माल कोण देणार? उलट नोटीस गेली की तो माणूस दुसऱ्या अडत्याकडे वळतो आणि आमची बाकी तशीच राहते. शिवाय कोर्टाचा हुकूमनामा हाती आला तरी जप्त काय करायचे? घर आईच्या नावावर, गाडी भावाच्या नावावर, आणि दुकान तर भाड्याचे!

दिवाणी वकील, सांगली :
'झिरो पेमेंट'चे महत्त्व मी नाकारत नाही, परंतु तो धाक ज्याला याच बाजारात राहायचे आहे त्यालाच वाटतो. दुकान गुंडाळून गेलेल्याला किंवा परराज्यातील खरेदीदाराला त्याचे काय? जप्तीचा आपला मुद्दा खरा आहे आणि म्हणूनच दावा लावण्याआधी सातबारा, आठ-अ आणि मिळकतपत्रिका काढून पाहाव्यात, असे मी पक्षकाराला सांगतो. देणेकरी शेतकरी असेल तर त्याचे राहते घर आणि शेतीची अवजारे जप्तीतून वगळलेली असतात, जमीन मात्र तशी वगळलेली नाही. तो मालमत्ता विकून मोकळा होऊ पाहत असल्याचे दाखवता आले, तर निकालापूर्वीच जप्ती मागता येते. हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे तो अमलात आणण्याचा अर्ज, १२ वर्षांपर्यंत दाखल करता येते, आणि तेवढ्या काळात कर्जासाठी किंवा वाटणीसाठी माणसाला कागदावर यावेच लागते.

यंत्रभाग कारखानदार, मिरज :
माझे मत दोघांपेक्षा वेगळे आहे. आमच्यासारख्या नोंदणीकृत लघुउद्योगांना २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. थकल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते, आणि अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेचा निवाडा कोर्टात आव्हानित करायचा झाला तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कागदावर यापेक्षा भक्कम संरक्षण नाही. तरीही माझ्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाविरुद्ध मी तिकडे गेलेलो नाही, कारण निवाड्याआधीच पुढची ऑर्डर बंद होईल. त्यामुळे "नोटीस पाठवा" हा सल्ला ज्याचे ग्राहक अनेक आहेत त्यालाच परवडतो. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला तर हा मार्ग साधारणपणे मिळतही नाही.

तरुण वकील, विटा :
धनादेश हाती असेल तर भिडेला जागाच उरत नाही. तो न वटल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर देणेकऱ्याला १५ दिवस आणि त्यानंतर महिन्याच्या आत फिर्याद, असा क्रम आहे. "पुन्हा एकदा टाका, या वेळी वटेल" या शब्दावर लोक ते ३० दिवस घालवतात. नोटीस दिली म्हणजे तडजोड संपली असेही नाही. लोकन्यायालयात मिटलेल्या दाव्याची कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपीलही नसते.

बेदाणा अडत व्यापारी, तासगाव :
मार्चअखेर सही घेण्याला माझी हरकत नाही. हिशेब जुळवताना ती मागता येते आणि कोणी रागावत नाही. बाहेरच्या राज्यातील नव्या खरेदीदाराकडून धनादेशही घेऊ. परंतु दहा-पंधरा हंगाम व्यवहार केलेल्या माणसाला वकिलाचा लिफाफा पाठवणे मला आजही मान्य नाही, मग त्यात एखादी बाकी गेली तरी चालेल.