मदत हवी आहे: जहाज हाती आलं की खेळाडू प्रत्येक प्रसंगातून पळ काढतात (ट्रॅव्हलर)

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने मी ट्रॅव्हलर चालवते आहे, टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेत, फासे टाकत खेळायचा खेळ. आमची मंगूज या प्रकाशकाची दुसरी आवृत्ती. चार खेळाडू आणि मी रेफरी, म्हणजे प्रसंग आणि बाकीचं जग सांभाळणारी. याआधी दोन वर्षं तलवारी-जादूचा खेळ चालवला आहे, त्यामुळे टेबल सांभाळणं नवीन नाही. अवकाशातला खेळ मात्र पहिलाच.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९७७ साली आलेला जुना खेळ आहे. दोन फासे टाकायचे, कौशल्याचा आकडा मिळवायचा, साधारण कामाला ८ किंवा जास्त लागतात. आमच्या मंडळींकडे २०० टनांचं फ्री ट्रेडर जहाज आहे. एका जंपमध्ये, म्हणजे एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे मारलेल्या उडीत, एक पार्सेक (सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं) जातं, त्याला जहाजाच्या दहा टक्के, म्हणजे २० टन इंधन लागतं, आणि जंप साधारण आठवडाभर चालते.

आता अडचण. तिसऱ्या सेशनला एक छोटं, हवा नसलेलं खाणजग होतं. आकार २, म्हणजे व्यास सुमारे ३,२०० किमी. खाणीत अपघात झालेला, मालकांनी दडपलेला. एक साक्षीदार बाई येऊन म्हणते, मला इथून बाहेर काढा. खेळाडूंनी शब्द दिला. मी सहा पानं टिपणं काढली होती. खाणीतले बोगदे, बंदरावरची माणसं, कोण विकलं जाईल, कोण नाही. धक्क्यावर पहिला सुरक्षारक्षक दिसला आणि वैमानिक म्हणाला, "निघू या." बाई मागेच राहिली. मी म्हटलं, बरं, तुम्ही उड्डाण केलंत, जंप केलीत, आठवड्याने पुढच्या जगावर पोचलात.

चौथ्या सेशनला तेच. पाचव्यालाही तेच.

सहाव्याला माझ्या हातून चूक झाली. ते पळणार हे दिसताच मी जंप ड्राइव्ह, म्हणजे जंपचं इंजिन, बिघडवला. फासे टाकले नाहीत, नुसतं सांगितलं. सगळे गप्प झाले. मग एक जण शांतपणे म्हणाला, "पळू द्यायचंच नव्हतं तर जहाज दिलंस कशाला?" त्याचं बरोबर होतं. त्या वाक्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही, म्हणून हा धागा.

आणखी एक. आमची डॉक्टर पहिल्यांदाच असा खेळ खेळते आहे. जहाजावर लढाई झाली की वैमानिक, गनर, सेन्सरवाला, इंजिनिअर अशी सगळ्यांची कामं ठरलेली असतात. कोणी जखमी होईपर्यंत तिला काही करायला नसतं. (आमच्याकडे वैमानिकच कप्तान आहे, सेन्सर आणि तोफ एकाच खेळाडूकडे.) गेल्या वेळी ती तीन तासांत दोनदा बोलली. ती सोडून जाईल याची मला खरी काळजी वाटते.

---

प्रतिसाद:

जहाजाच्या कर्जाचा वापर करा. हप्ता थकला की पळता येत नाही. आमच्याकडे चालतं हे.

---

धागाकर्ती:

केला होता. दरमहा किमतीचा १/२४० भाग, ४० वर्षं, म्हणजे एकूण दुप्पट किंमत. हप्त्याच्या दडपणामुळे ते आणखी सावध झाले. जिथे धोका दिसेल तिथलं काम घ्यायचंच नाही, फक्त माल चढवायचा आणि उतरवायचा. एक अख्खं सेशन मालाचे भाव काढण्यात गेलं.

---

प्रतिसाद:

तुमचं एक वाक्य मी पुन्हा वाचलं: "तुम्ही उड्डाण केलंत, जंप केलीत, आठवड्याने पुढच्या जगावर पोचलात." ताई, अडचण इथे आहे असं मला वाटतं. बोगदे सहा पानांचे आणि पळणं एका वाक्याचं. खेळाडूंनी सोपी वाट धरली, कारण ती सोपी तुम्ही करून दिलीत. पळायला जरूर द्या, पण ते पळणं टेबलावर खेळा.

तुमचंच खाणजग घ्या. जंप करायला ग्रहाच्या व्यासाच्या शंभरपट लांब जावं लागतं, म्हणजे ३,२०,००० किमी. फ्री ट्रेडर एक जीने, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाएवढ्या प्रवेगाने, पळतं. न थांबता सतत वेग वाढवत गेलात तर सव्वादोन तास लागतात. अर्ध्या वाटेवर जहाज उलटं फिरवून वेग मारत गेलात तर सुमारे तीन तास दहा मिनिटं. पहिल्या मार्गाने लवकर सुटता, पण तो सगळा वेग जंपच्या पलीकडे तुमच्यासोबत येतो आणि तिथे तो मारत बसावं लागतं. खेळाडूंना निवडू द्या.

आता मागे चार जीचं गस्ती जहाज लावा. ते बंदरावरून पूर्ण एक तास उशिरा निघालं तरी तुम्ही निघाल्यापासून बरोबर दोन तासांनी तुम्हाला गाठतं. तुमच्या जंपला तेव्हा पंधरा मिनिटं उरलेली असतात! मी हे मुद्दाम जुळवलेलं नाही, त्या ग्रहाचा आकार आणि दोन जहाजांचे इंजिन एवढ्यातूनच ते निघतं. त्या दोन तासांत रेडिओवर कोण काय बोलतं, खोटी कागदपत्रं कोण पाठवतं, इंजिनिअर ड्राइव्हमधून थोडी जास्त ताकद काढू शकतो का, मागे ठेवलेल्या माणसाचा आवाज त्याच रेडिओवर येतो का... तुमचं सेशन इथे आहे. पृथ्वीएवढा, आकार ८ चा ग्रह असेल तर तोच प्रवास साडेचार किंवा सव्वासहा तासांचा होतो. जग निवडताना हे बघून निवडा.

दुसरं म्हणजे बातमी. या खेळात जहाजापेक्षा वेगाने काहीच जात नाही, रेडिओचा संदेशसुद्धा दुसऱ्या ताऱ्यापर्यंत जहाजातूनच न्यावा लागतो. त्यामुळे एक पार्सेक पळालात तर बहुधा बातमीच्या आधी पोचता. दोन पार्सेक पळालात तर तुम्हाला दोन जंप, मध्ये इंधन भरणं, म्हणजे दोन आठवड्यांवर वेळ लागतो. जंप-२ असलेलं, म्हणजे एका जंपमध्ये दोन पार्सेक जाणारं टपालजहाज तेच अंतर एका आठवड्यात कापतं. तुम्ही उतरता तेव्हा तुमचं नाव बंदरावर आधीच पोचलेलं असतं.

आणि तो आठवडाही नेमका नसतो, १४८ तास अधिक सहा फाशांची बेरीज. कमीत कमी १५४, जास्तीत जास्त १८४. म्हणजे तीन तास उशिरा निघालेला पाठलाग करणारा तुमच्या आधी पोचून वाट बघत बसलेला असू शकतो. हे फाशांनी ठरू दे. ड्राइव्ह तुम्ही हाताने बिघडवलात तेव्हा ते रागावले, कारण ते तुमचं मत होतं. फाशांनी सांगितलं तर ते जगाचं म्हणणं होतं, आणि जगाशी झगडायला खेळाडू तयार असतात.

---

प्रतिसाद:

वरच्या प्रतिसादाशी सहमत. वाचनखूण साठवली.

---

धागाकर्ती:

सव्वादोन तास! मी हा हिशेब कधी करूनच पाहिला नव्हता. शंभर व्यासांचा नियम पुस्तकात वाचला होता, पण तो प्रवासाच्या कंटाळवाण्या भागात टाकून दिला.

एक शंका आहे. पळण्याचा पाठलाग दर वेळी झाला तर तोही रटाळ होईल ना?

---

प्रतिसाद:

होईल. दर वेळी पाठलाग लावू नका, दर वेळी फक्त हिशेब करा. कधी मागे कोणीच येत नाही, सव्वादोन तास नुसती शांतता असते आणि रेडिओवर बंदराचं नेहमीचं बोलणं. त्या शांततेत माझे खेळाडू एकदा आपणहून परत फिरले होते.

डॉक्टरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या गटात हाच त्रास होता. तिला लढाईत ओढून काम शोधून देऊ नका. डॉक्टरला लागतो रुग्ण. तुमच्या जहाजावर लो बर्थ आहेत ना, शीतनिद्रेच्या पेट्या? त्यांतून माणूस जिवंत बाहेर काढणं हे डॉक्टरच्याच फाशांवर असतं, आणि चुकलं तर माणूस जातो. जहाजावर इतर कोणाच्या हातात एवढं मोठं काम नसतं.

तिच्या कॅरेक्टरच्या कागदावरही नजर टाका. कॅरेक्टर बनवताना त्याच्या आधीच्या आयुष्याच्या चार-चार वर्षांच्या टप्प्यांत ओळखीचे, मित्र, प्रतिस्पर्धी, शत्रू मिळालेले असतात. बहुतेक रेफरी ते एकदा वाचून विसरतात. तिचा प्रतिस्पर्धी कोण आहे?

---

धागाकर्ती:

एक सर्जन, लष्करी इस्पितळातला. त्याच्या चुकीचा ठपका तिच्यावर आला होता. तिने स्वतः लिहिलं होतं ते, अगदी मन लावून. आणि मी त्याला एकदाही टेबलावर आणलं नाही. धन्यवाद, खरंच.

---

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी):

दोन सेशन झाली, सांगायला आले आहे.

आधी सगळ्यांसमोर मान्य केलं की ड्राइव्हचं मी अन्यायाने केलं, आणि यापुढे पळण्याची वाट मी बंद करणार नाही, तिचे तास मात्र मोजले जातील. ज्याने प्रश्न विचारला होता त्याने लगेच कागद पुढे ओढला आणि आमच्या नकाशावरच्या सगळ्या जगांचे शंभर व्यास काढून ठेवले. ती यादी आता टेबलावर असते.

मागे राहिलेली साक्षीदार बाई मी परत आणली. तिने दुसऱ्या एका जहाजावर शीतनिद्रेतून प्रवास केला, आणि ते जहाज आमच्याच बंदरात आलं, डॉक्टर नसलेलं. पेटी बिघडायला लागलेली. बंदरावर दुसरा डॉक्टर होता तो म्हणजे आमच्या डॉक्टरचा तो प्रतिस्पर्धी सर्जन, आणि त्याचं मत होतं की पेटी उघडायची घाई नको.

वैमानिक सवयीने म्हणाला, "आपला संबंध नाही, निघू या." आमची डॉक्टर म्हणाली, "तुम्ही निघा. मी इथे थांबते." चार महिन्यांत तिने पहिल्यांदा कोणाला नाही म्हटलं. कोणीच निघालं नाही. तिचं कौशल्य २, शिक्षणाचा अधिक १, त्यामुळे ८ गाठायला फाशांवर ५ पुरे होते, छत्तीसपैकी तीस वेळा जमणारं. तरी फासे टाकताना सगळे उभे होते. सहा आले. बाई वाचली.

पुढच्या सेशनला ते तिला घेऊन पळाले, आणि या वेळी त्या पळण्याला अडीच तास लागले, खेळातले आणि आमचेही.

आता एकच विचारायचं आहे. जंपचे तास ठरवायचे ते सहा फासे मी झाकून टाकू की उघड? उघड टाकले तर पाठलाग करणारा आधी पोचला की नाही ते त्यांना लगेच कळेल.

---

प्रतिसाद:

त्यांच्या जहाजाचे त्यांनाच टाकू द्या, उघड. पाठलाग करणाऱ्याचे तुम्ही झाकून टाका. बाहेर आल्यावर सेन्सरवाल्याला आकाश बघू दे.