होगन-आंद्रे मॅचला उणे चार तारे: हे माप बरोबर आहे का?

तालमीची लेक

माझे वडील, अण्णा, तरुणपणी जत्रांच्या फडात कुस्त्या खेळायचे. तिशीतच कंबर गेली आणि मातीत उतरणं संपलं. पुढे मला आठवतात तेव्हापासून त्यांना खाली वाकून चप्पलसुद्धा उचलता येत नसे, पायानंच सरळ करून घालायचे. ठरवून केलेल्या कुस्तीचा त्यांना तिटकारा होता. टीव्हीवर रेसलिंग लागलं की उठून अंगणात जायचे.

एकदाच थांबले. मामाच्या मुलानं रेसलमेनिया ३ ची कॅसेट आणली होती. २९ मार्च १९८७, मिशिगनमधलं पाँटिअॅक सिल्व्हरडोम, हल्क होगन विरुद्ध आंद्रे द जायंट. अण्णा दारातच उभे होते. सुरुवातीलाच होगन आंद्रेला उचलायला गेला आणि त्याच्यासकट पाठीवर कोसळला, आम्ही पोरं ओरडलो. अण्णा एवढंच म्हणाले, "त्या मोठ्याची कंबर गेल्याली हाय. चालणं बघा त्याचं." मग शेवटपर्यंत बसून पाहिली.

आंद्रेच्या पाठीवर १९८६ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती आणि त्या रात्री काळ्या पोशाखाच्या आत त्यानं पाठीचा पट्टा बांधला होता, हे मी फार नंतर वाचलं. सांगायला अण्णा नव्हते.

आता माझा भाचा म्हणतो, ही इतिहासातली सगळ्यात भिकार मॅच. कुस्ती-पत्रकार डेव्ह मेल्टझरच्या रेसलिंग ऑब्झर्व्हर या पत्रानं तिला उणे चार तारे दिले (एरवी तारे पाचापर्यंत असतात), वर १९८७ ची सर्वात वाईट मॅच ठरवली. आणि त्याच रिंगमध्ये, त्याच दिवशी झालेली रँडी सॅव्हेज-रिकी स्टीमबोट ही वर्षातली सर्वोत्तम! मला भाच्याशी भांडायचं नाही. पण रिंगमधलं काम जोखताना नेमकं काय जोखायचं, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचं आहे. अण्णांना जे दिसलं त्याला त्या तराजूत जागा आहे की नाही?

पहिली रांग

ताई, तुमच्या अण्णांच्या नजरेला नमस्कार. पण तुमच्या भाच्याचं बरोबर आहे असंच मला वाटतं, आणि का ते सांगतो.

तारे दोरांच्या आत जे घडलं त्याला असतात, पैलवानाच्या दुखण्याला नाहीत. दुखणं धरायचं म्हटलं तर निम्म्या मॅचेसचे गुण वाढवावे लागतील, कारण या धंद्यात धडधाकट माणूस क्वचितच सापडतो.

सॅव्हेज-स्टीमबोट शेजारी ठेवून बघा. साधारण साडेचौदा मिनिटं. त्याआधी काही महिने सॅव्हेजनं रिंगजवळची घंटा वापरून स्टीमबोटचा गळा चिरडला होता, म्हणजे कथेत. म्हणून सॅव्हेज पुन्हा पुन्हा गळ्यावरच जातो, वरच्या दोरावर त्याचा गळा आपटतो. प्रत्येक हालचालीला मागचा धागा आहे. शेवटाकडे तर एकामागून एक इतके पिनचे (रेफ्री तीन मोजेपर्यंत खांदे टेकवून धरण्याचे) प्रयत्न होतात, एक-दोन, एक-दोन, की बघणाऱ्यालाच धाप लागते. रेफ्री पडतो, सॅव्हेज परत घंटा उचलतो, स्टीमबोटच्या बाजूनं आलेला जॉर्ज स्टील त्याला दोरावरून ढकलतो आणि स्टीमबोट त्याची पकड उलटवून गुंडाळी करून पिन घेतो. सॅव्हेज सगळी मॅच आधी कागदावर टप्प्याटप्प्यानं लिहून काढायचा आणि स्टीमबोटकडून पाठ करून घ्यायचा. एवढी मेहनत दिसते हो पडद्यावर.

होगन-आंद्रे बारा मिनिटांची. त्यातली कितीतरी मिनिटं बेअरहगमध्ये, म्हणजे मिठीत आवळून धरण्यात गेली. आणि "आंद्रेला कधी कोणी आपटलं नाही" अशी जाहिरात झाली होती, तीही खोटी. १९८० मध्ये शे स्टेडियममध्ये याच होगननं त्याला आपटलं होतं, तेव्हा होगन खलनायक होता म्हणून सोयीनं विसरले. उणे चार जरा जास्त झाले, मी एक तारा देईन. त्याहून वर नाही.

नेपथ्य

मी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो, त्यामुळे मला हा प्रश्न वेगळ्या जागेवरून दिसतो.

त्या दिवशी ९३,१७३ प्रेक्षक असल्याचं जाहीर झालं होतं. मेल्टझर अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास म्हणतो. तोच आकडा धरा. इतक्या मोठ्या छताखाली शेवटच्या रांगेतल्या माणसाला मनगटाची पिरगळ दिसणार आहे का? त्याला दिसतं एवढंच: मोठा उभा आहे की पडला. आणि ही मॅच त्याच एका गोष्टीवर रचली आहे. पहिल्या मिनिटात होगन उचलायला जातो आणि उचलता येत नाही. रेफ्री दोन मोजतो, आंद्रेच्या बाजूचे म्हणतात तीन झाले. तिथं प्रश्न पडला. मग बराच वेळ आंद्रे पडतच नाही. शेवटी आंद्रे लाथ घालायला जातो, होगन खालून निसटतो, दोरावरून परत येऊन क्लोथ्सलाइन (आडव्या हाताचा तडाखा) मारतो आणि तो डोंगर पहिल्यांदा आडवा होतो. मग बॉडीस्लॅम (उचलून पाठीवर आपटणं), मग लेगड्रॉप (पडलेल्यावर उडी मारून पाय आदळणं). उत्तर मिळालं. नाटकात इतकी सरळ रेषा आखता येणं फार कठीण.

बेअरहग लांबला हे मात्र मीही मान्य करतो. होगन शुद्धीत आहे का बघायला रेफ्री त्याचा हात उचलून सोडतो तिथवर माझंही लक्ष ढळलं होतं. आणि प्रेक्षकांच्या गर्जनेचं सगळं श्रेय रिंगला देता येणार नाही. आधी टीव्हीवर आंद्रेनं होगनच्या गळ्यातला क्रूस ओरबाडून तोडला होता, लोक तापूनच आले होते.

ताई, एक सुचवू? आवाज बंद करून एकदा बघा. उरतं ते रिंगमधलं काम.

तालमीची लेक

काल रात्री बघितली. एकदा आवाजासह, एकदा बंद करून. भाचाही शेजारी होता.

आधी कबुली: सॅव्हेज-स्टीमबोट चांगलीच आहे, आवाज बंद करून तर आणखी चांगली. त्यावर माझा वाद नाही.

पण आंद्रेकडे बघताना एक गोष्ट लक्षात आली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या तालमीत वस्ताद सांगायचे, समोरचा उचलायला लागला की अंग सोड, जड हो, त्याच्या हातात माती दे. खऱ्या कुस्तीत उचलला जाणारा विरोध करतो. इथं उलटं. बॉडीस्लॅम दोघांचा असतो. उचलला जाणारा योग्य क्षणी पायानं उसळी देतो, अंग आवळून धरतो, उचलणाऱ्याचा तोल राखतो आणि मग स्वतःच्या पाठीवर पडतो. आंद्रेचं जाहीर वजन ५२० पौंड, म्हणजे दोनशे पस्तीस किलोच्या वर. शस्त्रक्रिया झालेली पाठ. त्याच पाठीवर तो पडला, आणि पडताना होगनला काही होऊ दिलं नाही.

त्याआधीची एक जागा तर मी चार वेळा मागे घेऊन पाहिली. रिंगच्या बाहेर होगन जमिनीवरची गादी बाजूला करतो, खालचं काँक्रीट उघडं पडतं. तिथं त्याला आंद्रेचं डोकं आपटायचं असतं. आंद्रे वाकलेला. आणि मग तो सरळ होतो, होगन त्याच्या पाठीवरून पलीकडे जाऊन पडतो. होगनचं अख्खं वजन त्या पट्टा बांधलेल्या कमरेवरून गेलं. आवाज बंद असल्यामुळे मला फक्त आंद्रेचं सावकाश उभं राहणं दिसत होतं. अण्णा खाटेवरून उठायचे ना, अगदी तसं.

पहिली रांग, तुम्ही म्हणता दुखण्याला तारे नसतात. मान्य. पण मोडक्या कमरेनं दुसऱ्याला जपून पाडणं आणि स्वतः पडणं, हे दुखणं नव्हे, हे कसब आहे, आणि ते मॅचमध्येच घडलं. त्याला खात्यात जागा हवी. डावांची संख्या, वेग, विविधता यांत ही मॅच नापास, बेअरहगमध्ये तर मीही चुळबुळले. तरी मी तिला अडीच देते. उणे मात्र कुठल्याच हिशोबानं होत नाही.

भाचा दोनवर आला आहे. त्यापुढे सरकत नाही.

अण्णांचं एक सांगायचं राहिलं. मॅच संपल्यावर आंद्रेला आणि त्याच्या मॅनेजरला, बॉबी हीननला, त्या छोट्या रिंगसारख्या गाडीवरून परत नेतात. आम्ही होगनकडे बघत होतो, तो रिंगमध्ये दंड दाखवत होता. अण्णा गाडीकडे बघत होते. ती पडद्याबाहेर गेली तेव्हा उठले आणि जाता जाता म्हणाले, "उतराय हात दिला असंल न्हवं कुणी त्याला?"

पहिली रांग

दोन. माझ्याकडूनही दोन धरा, ताई. ती काँक्रीटवरची जागा आत्ताच परत बघितली.