कल्चरमध्ये सगळीकडे ‘आर’ आलाय, वहिनीसाठी कोणती गोळी चालेल? (नागपूर)

मनीषनगर_७: वहिनी गरोदर आहे. लघवीला पुन्हा जळजळ, ही तिसरी वेळ. दोनदा मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या, थोडे दिवस बरं वाटलं की परत तेच. आज लघवीच्या कल्चरचा (जंतू तपासणीचा) रिपोर्ट आला: ई. कोलाय जंतू, एक लाखाच्या वर, ईएसबीएल पॉझिटिव्ह. गोळ्यांच्या यादीत जवळपास सगळ्यांपुढे आर, म्हणजे जंतू दाद देत नाही. डॉक्टर मॅडम सोमवारपर्यंत बाहेरगावी, दादा पुण्याला. कोणती गोळी द्यायची, लवकर सांगा प्लीज.

संत्रामंडी: कितवा महिना? ताप आहे का? ‘एस’, म्हणजे औषध चालेल, असं कशाकशापुढे आहे? आणि मेडिकल म्हणजे आपलं मोठं मेडिकल हॉस्पिटल की औषधाचं दुकान?

अंबाझरीची_आई: मला सातव्या महिन्यात हेच झालं होतं. फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी, पाण्यात विरघळवून एकदाच. त्यानंतर परत त्रास नाही. घाबरू नका.

विमल_काकू: धने-जिऱ्याचं पाणी आणि बार्ली सुरू करा. नागपूरच्या उन्हात पोरी पाणीच पीत नाहीत, मुळात तिथं दुखणं आहे.

बर्डीवाला: नायट्रोफुरँटॉइन एस असेल तर तीच द्या. आमच्याकडे अर्धी स्ट्रिप उरली आहे, मी बर्डीवरच राहतो.

कल्चरवाला: बर्डीवाला, उरलेली स्ट्रिप वाटू नका. नायट्रो शेवटच्या आठवड्यांत टाळतात, बाळाच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. म्हणूनच वर महिना विचारलाय. काकू, पाणी प्यावंच, पण कल्चरमध्ये लाखभर जंतू आल्यावर धने-जिऱ्यावर भागत नाही. ईएसबीएल म्हणजे हा जंतू असं एन्झाइम बनवतो की पेनिसिलिन आणि सेफिक्सिमसारखी औषधं तुटून जातात. दुकानातून सेफिक्सिम आणली असेल तर ती चालणारच नव्हती.

अंबाझरीची_आई: मग पुडीच बरी. ती माझ्या डॉक्टरांनीच दिली होती, मी मनाने घेतली नव्हती.

कल्चरवाला: ताई, जंतू मूत्राशयात असेल तर बरोबर. तो किडनीपर्यंत गेला असेल तर ना नायट्रो, ना पुडी. दोन्ही लघवीत भरपूर उतरतात, किडनीच्या पेशींत पुरेशी पोचत नाहीत.

त्रिमूर्ती_नगर: सँपल घेताना पहिली धार सोडून मधली धरायची आणि बाटली लगेच लॅबमध्ये द्यायची. आमचं एकदा त्यामुळेच चुकलं होतं.

मनीषनगर_७: सँपल लॅबमध्येच घेतलं होतं. ३७ वा आठवडा. औषधाचं दुकान, आमच्या चौकातलं, चिठ्ठीशिवाय. गोळीचं नाव आठवत नाही. एस फक्त फॉस्फोमायसिन, अमिकासिन आणि मेरोपेनेमपुढे. ताप काल रात्रीपासून, १०१.४, हुडहुडी भरून. उजव्या कुशीत मागून दुखतंय, पण ते पोटाच्या वजनामुळे असेल ना?

संत्रामंडी: अरे बाप्पा, कायले वाट पाहून राहिला! ही गोळी शोधायची वेळ नाही. आत्ता निघा.

कल्चरवाला: नाही, वजनामुळे म्हणून सोडू नका. गरोदरपणात हार्मोन्समुळे मूत्रनलिका सैलावतात, गर्भाशय उजवीकडे झुकतं, म्हणून त्रास बहुधा उजव्या किडनीला. थंडी-ताप, कुशीत दुखणं म्हणजे संसर्ग वर चढल्याची लक्षणं. कळा लवकर सुरू होऊ शकतात. सोमवार पाहू नका. मेडिकल, डागा, एम्स, जे हॉस्पिटल जवळ असेल तिथे. रिपोर्ट आणि आधीच्या गोळ्यांचं पाकीट सोबत घ्या.

बर्डीवाला: गाडी हवी असेल तर मेसेज करा. स्ट्रिपचं बोललो ते चुकलं.

मनीषनगर_७: ऑटो मिळाला, निघालो.

मनीषनगर_७: (दुसऱ्या दिवशी) रात्रीच भरती केलं. सलाइनमधून मेरोपेनेम सुरू आहे. बाळाचे ठोके ठीक आहेत, ताप अजून १०० आहे. औषधं संपल्यावर पुन्हा कल्चर करायला सांगितलंय. डॉक्टर आधीच्या गोळ्यांचं नाव विचारतात आणि पाकीट मीच फेकलं. दुकानात नोंद असते का?

कल्चरवाला: सेफिक्सिम शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत आहे. २०१४ पासून अशा औषधांची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते, डॉक्टरांच्या आणि पेशंटच्या नावासकट.

मनीषनगर_७: जाऊन आलो. नोंद नाही म्हणतात. वहिनीला पाकिटाचा रंग आठवतोय, आता दुकानात तिथलीच पाकिटं एकेक काढायला लावतो आणि फोटो तिला पाठवतो.