आजोबांचे जुने छायाचित्र मोठे करून भिंतीवर लावण्याबाबत

प्रश्न :
आमच्या आजोबांचे साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचे एक कृष्णधवल छायाचित्र आहे. सिद्धेश्वराच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घालून ते नंदीध्वजाजवळ उभे आहेत. प्रत जेमतेम ४ बाय ६ इंचांची असून तिचा एक कोपरा जुन्या चौकटीतील काचेला चिकटला आहे. ते दोन फुटांचे करून बैठकीत लावावे, अशी वडिलांची इच्छा आहे. फ्रेमवाले म्हणतात की काच काढून मूळ प्रत नव्या चौकटीत बसवून देऊ. तसे करावे का? मोकळी भिंत पश्चिमेची आहे.

उत्तर १ :
कोपरा मुळीच ओढू नका. अशा छायाचित्रांवर जिलेटिनचा थर असतो; पावसाळी ओलाव्याने तो मऊ होऊन काचेला धरतो आणि उन्हाळ्यात तिथेच वाळतो, त्यामुळे ओढताना कागद हाती येतो आणि चित्र काचेवर राहते. काचेसकटच स्कॅन करावे. दर इंचाला १२०० बिंदू घेतल्यास १६ बाय २४ इंचांची प्रत स्वच्छ निघते. मात्र ‘उजळ करून देतो’ म्हणणाऱ्यास आवरावे, नाहीतर बाराबंदीच्या चुण्या जाऊन नुसता पांढरा डाग उरतो. मूळ प्रत कपाटात, कसर लागणार नाही अशी ठेवावी.

उत्तर २ :
आपल्या सोलापुरात मे महिन्यात पश्चिमेची भिंत रात्री जेवणे झाली तरी गरम असते, आणि पावसाळ्यात तीच ओल धरते. आतली भिंत निवडावी. आणखी एक, जरा नाजूक गोष्ट : तसबिरीला रोज ताजा हार घालून काचेवर ओले कुंकू लावले की पाणी चौकटीच्या खाचेत उतरते. आमच्या आजीच्या तसबिरीची खालची कड अशीच गेली.

उत्तर ३ :
दोन फुटांचा आग्रह कशासाठी? ८ बाय १२ इंचांची प्रत काढून भोवती तीन इंचांचा आम्लरहित माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची कड, द्यावा. चौकट भारदस्त दिसते आणि काचही चित्राला टेकत नाही.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे आभार. वडिलांना माउंटची कल्पना पटली असून देवघराशेजारची आतली भिंत ठरली आहे. ताज्या हाराऐवजी चंदनाचा हार घालण्यास मात्र आईची संमती मिळायची आहे.