फॉर्मात विचारलंय: किती कोअर-तास हवेत?

रावपुऱ्याची रसायनवाली: दूरच्या राज्यातल्या एका सामायिक महासंगणकावर माझं खातं आहे. काल तिथून संशोधकांच्या गरजा विचारणारा फॉर्म आला. प्रश्न एकच, पुढच्या वर्षी किती कोअर-तास लागतील? (प्रोसेसरचा एक कोअर, म्हणजे गाभा, तासभर वापरला की एक कोअर-तास.) अहो, माझं अडतं ते तासांवाचून नाही! मागच्या महिन्यात चार नोड, म्हणजे महासंगणकातले सुटे संगणक, मागितले; जॉब, म्हणजे चालवायला दिलेलं काम, पाच दिवस रांगेत. सुरू झाला आणि सहा मिनिटांत मेला, कारण कुठल्याशा सॉफ्टवेअर लायब्ररीची आवृत्ती बदलली होती. शुक्रवारी मेल टाकला, उत्तर बुधवारी. तोवर स्क्रॅचमधल्या, म्हणजे तात्पुरत्या साठवणीतल्या, जुन्या फायली नियमाप्रमाणे पुसल्या गेल्या.

माजी रूट, मांजलपूर: ताई, राग कळतो. मी वर्षानुवर्षं अशाच रांगा सांभाळल्यात. पण जॉबला वेळ किती मागितला होता? लोक नऊ तासांच्या कामाला सरसकट ७२ लिहितात. स्क्रिप्ट सिनियरची, ७२ पण सिनियरचेच. स्लर्म, म्हणजे रांग लावणारं सॉफ्टवेअर, मोठ्या जॉबसाठी नोड मोकळे करत असतो, तेव्हा मधल्या फटीत छोटे जॉब सरकवतो. दहा तास लिहिले असते तर तुमचा कदाचित फटीत बसला असता. आणि स्क्रॅच ही धर्मशाळा आहे, तिथे कपाट मागायचं नसतं. आपल्याला काय हवंय हे संशोधकालाच ठाऊक नसेल तर फॉर्मवाला बिचारा काय विचारणार?

रसायनवाली: ७२च लिहिले होते, कबूल. दुसऱ्यांदा टाकला तेव्हा नऊ तास आणि वर अकरा मिनिटं, एवढ्यात संपला. पण वेळ कमी पडला की जॉब मारतात, म्हणून माणूस भीतीने जास्त लिहितो. फटीचं हे गणित मला तुमच्याकडून आज कळतंय, चौथ्या वर्षी!

जीनोमवाला: माझं तिसरंच. असेंब्लीला, म्हणजे डीएनएचे तुकडे जुळवायला, कोअर थोडे चालतात, पण एकाच नोडवर भरपूर मेमरी लागते. शंभर साधे नोड दिलेत तरी काम होत नाही. पंगतीला शंभर वाट्या आणि भात शिजवायला पातेलंच नाही. कोअर-तासांच्या रकान्यात हे कुठे लिहू?

दांडियाबाजारी: नुसती रडगाणी! संगणकतज्ज्ञ विजय भटकरांनी एम.ई. आपल्या बडोद्यात केलं. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर सीडॅक या सरकारी संस्थेने त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली आपला परम ८००० उभा केला. २०१५ च्या राष्ट्रीय महासंगणक मोहिमेला ४५०० कोटी मंजूर झाले, २०२४ मध्ये पुणे, दिल्ली, कोलकात्याला परम रुद्र आले. आधी यंत्रं तर येऊ द्या.

रसायनवाली: काका, भटकरांचा अभिमान मलाही आहे. त्याने माझा जॉब पुढे सरकत नाही.

माजी रूट: काकांचं अगदीच चूक नाही, यंत्राला पैसा मिळतो. फोन उचलणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळत नाही, हे मात्र मी भोगलंय. आम्ही दोघं होतो आणि खाती चारशेच्या वर. त्या फॉर्मात खाली मोकळी चौकट आहे का?

रसायनवाली: आहे. २०० अक्षरांची.