मेघतल, ढगाचा तळ की आभाळाचं बूड?

दिंडोरीकर: द्राक्ष बागायतदारांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतोय. विषय सीलोमीटर, म्हणजे ढगाच्या तळाची उंची मोजणारं यंत्र. लेसरचा झोत सरळ वर सोडायचा आणि ढगातल्या थेंबांवरून परतलेला उजेड किती वेळात आला ते मोजायचं; या पद्धतीला लायडर म्हणतात. १००० मीटरवरच्या ढगापर्यंत जाऊन यायला साधारण ६.७ मायक्रोसेकंद लागतात. 'क्लाउड बेस'ला मी 'मेघतल' लिहिलं. काकांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "तळ विहिरीला असतो रे, ढगाला बूड असतं." काय ठेवू?

शुद्धमती: मेघतलच. बूड पातेल्याला! आणि लायडर, सीलोमीटर कशाला? सरळ 'लेसर रडार' लिहा.

गंगाघाट: 'रडार' कधीपासून मराठी झालं, ताई? शिवाय लायडर हा शब्द १९५३ चा, पहिला लेसर १९६० चा. लेसरच्या आधी हेच काम सर्चलाइटवर चालायचं.

निफाडवाला: आमच्याकडे ढगाची उंची कोण विचारतो? 'आभाळ खाली आलंय' एवढंच. खरा प्रश्न धुईचा. छाटणीनंतर पहाटे बागेत शिरावं तर पुढची ओळ दिसत नाही, पानं निथळतायत, तारेवरचे थेंब मानेवर. म्हणजे डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आलीच समजा. धुईत तुमचं यंत्र काय सांगणार?

दिंडोरीकर: धुई म्हणजे बूड जमिनीला टेकलेला ढगच की. (बघा, मीही बूड म्हणालो.) दाट असली तर झोत थोड्याच अंतरात विरतो. मग यंत्र ढगाच्या उंचीऐवजी वर किती अंतरापर्यंत दिसतंय तेवढं देतं.

शुद्धमती: धुई नव्हे, धुकं.

गंगाघाट: धुई तर गोसाव्याची! कुंभात आजी साधूच्या धुईतली राख पुडीत बांधून आणायची. धुई, धुनी, धूर, सगळं एकाच घरातलं.

निफाडवाला: आमची म्हातारी म्हणते, धुकं डोंगरावर, धुई शिवारात.

गंगाघाट: माझ्या मामांकडे नेमकं उलट.

दिंडोरीकर: पत्रकात पुढे वारा आहे. हवेतले धूळकण वाऱ्याबरोबर वाहतात, त्यांच्यावरून परतलेल्या उजेडाची तरंगलांबी किंचित बदलते, त्यावरून वेग कळतो. २०१८ मध्ये सोडलेल्या एओलस उपग्रहानं अतिनील लेसरनं अवकाशातून वारे मोजले, २०२० पासून ते युरोपच्या हवामान अंदाजात घेतले गेले. हवेतल्या या कणांना, 'एरोसोल'ला, 'धुरळा' चालेल?

शुद्धमती: वायुकलिल!

निफाडवाला: कलिल म्हणजे कलिंगडाचा भाऊ का?

दिंडोरीकर: अहो, मेघतल की बूड? पत्रक उद्या छपाईला जायचंय.

गंगाघाट: मामांना फोन केला. ते धुईला 'धुवारी' म्हणतात.